डोमाच्या नावाचा एक्स-रे

आंधळगावच्या टिकारामला आसपासच्या सगळ्या गावांत लोक ओळखत. धानाला पाणी देताना डिझेल इंजिन बंद पडलं की त्यालाच बोलावणं यायचं. वेल्डिंगचं काम निघालं तर तो आपल्या वेल्डर मित्राला, डोमाला, सोबत न्यायचा. मोहाडीच्या रस्त्याला दोघांचं एकच दुकान होतं. डोमाची बायको शकुबाई एकच डबा द्यायची, त्यात दोघं जेवायचे.

चौऱ्याऐंशी साली कुवेतला कारागीर पाहिजेत अशी बातमी आली, तेव्हा दोघांनी बरोबरच नाव दिलं. पासपोर्टासाठी पोलीस घरी चौकशी करून गेले. नागपूरच्या एजंटने समजावून सांगितलं की आधी कामाची परीक्षा, मग डॉक्टरी तपासणी. ती पास झाली की व्हिसा, आणि त्यानंतर सरकारी परवानगी. पासपोर्ट त्याने स्वतःकडेच ठेवून घेतले आणि दोघांना मुंबईला पाठवलं.

डोमाला दिवाळीपासून खोकला होता. "वेल्डिंगचा धूर हाये गा," असं तो म्हणायचा. भुसावळला गाडी थांबली तेव्हा तो नळावर रुमाल धुवायला उतरला. टिकाराम पाण्याची बाटली भरायला मागोमाग गेला. नळाखाली वाहणारं पाणी त्याला तांबूस दिसलं. डोमाने घाईघाईने रुमाल पिळला आणि टिकारामने नजर दुसरीकडे वळवली.

कामाच्या परीक्षेत दोघंही पास झाले. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर ते नंबराची वाट बघत होते. टिकारामचा एक्स-रे सकाळीच झाला होता. तेवढ्यात आतून एक माणूस रडत बाहेर आला. त्याच्या छातीच्या एक्स-रेत डाग निघाला होता, त्यामुळे त्याचा व्हिसा गेला.

डोमाचा चेहरा उतरला. "टिक्या, माह्या जागी तू उभा राय."

"काहीही बोलून राहिला का?"

"चिठ्ठीवरचं नाव पाहून बलावते ना, तोंड कोन पायते? तिकडं गेलो का औषध घेतो. पोराईची शपथ."

नाही म्हणावं असं टिकारामच्या मनात आलं. पण नाही म्हटलं असतं तर भुसावळचा नळ बोलण्यात आला असता. आणि खरं सांगायचं तर डोमाशिवाय परक्या मुलखात जायची त्याला भीतीही वाटत होती. सकाळचा सदरा कुणी ओळखू नये म्हणून त्याने तो बदलला. "डोमा" अशी हाक आली तेव्हा तो उठला, त्याने एक्स-रेच्या गार लोखंडी पाटीला छाती लावली आणि सांगितल्यावर श्वास रोखून धरला.

दोघंही तपासणीत पास झाले. वेल्डर लगेच पाहिजे होते, म्हणून डोमाचा व्हिसा आधी आला. शकुबाईने त्याला पोह्यांचा चिवडा बांधून दिला. निघताना ती टिकारामला म्हणाली, "भाऊजी, तुमचंही लवकर होऊ द्या. तुमी असले का मले काळजी नाही."

पण कुवेतमध्ये उतरल्यावरही तपासणी होते, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिथे राहायचा आणि कामाचा परवाना, ज्याला सगळे इकामा म्हणायचे, तो पुन्हा एक्स-रे काढल्याशिवाय मिळत नव्हता. त्यात डाग दिसताच डोमाला वेगळ्या खोलीत ठेवलं आणि काही दिवसांतच परतीच्या विमानात बसवलं.

तो घरी आला तेव्हा त्याची हाडं दिसत होती. गावात त्याने सांगितलं, कंपनीचं काम बंद पडलं. मोहाडीच्या दवाखान्यात थुंकी तपासली तेव्हा क्षय निघाला. "एवढा उशीर काहून केला?" असं डॉक्टरांनी विचारलं. टिकारामने पुढे होऊन औषधांची चिठ्ठी घेतली.

त्यानंतर रोज सकाळी टिकाराम त्याला सायकलवर बसवून इंजेक्शनला न्यायचा. चढावर डोमाला धाप लागली की सायकल हाताने ढकलायचा. रस्त्यात भेटणारे लोक म्हणायचे, सख्खा भाऊ करनार नाही एवढं करून राहिला. हे ऐकलं की तो न थांबता सायकल पुढे काढायचा.

पुढे शकुबाईही खोकू लागली. तिच्या थुंकीतही तोच रोग निघाला, आणि त्याच आठवड्यात टिकारामचा व्हिसा आला.

दुपारी तो तिच्या अंगणात गेला. ती धान वाळत घालत होती. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. दवाखान्यातलं सांगितलं आणि भुसावळचा नळही सांगितला.

शकुबाईचा हात धानातच थांबला. "म्हंजे त्या टायमालेच डॉक्टरले दिसलं असतं?"

"हो."

"औषध तवाच चालू झालं असतं?"

"हो वहिनी."

"आन् रगत पाहून तुमी मले सांगतलं नाही. आमी एका ताटात जेवत होतो भाऊजी."

"मी नाही जात कुवेतले," टिकाराम म्हणाला. "इथंच राहतो. दोघाईले नेईन दवाखान्यात."

"जा तुमी," ती म्हणाली. "तुमी रोज समोर दिसाल तं मले रोज आठवन. माहा भाऊ येनार हाये दवाखान्यात न्यायले."

तो गेला. कुवेतला उतरल्यावर त्याचाही एक्स-रे काढला. त्याची छाती स्वच्छ निघाली. पण इकामा हातात पडला तेव्हा आपण कुणाच्या तरी हक्काचं घेऊन आलो आहोत असंच त्याला वाटत राहिलं. तिथल्या जेवणाच्या खोलीत तो नेहमी भिंतीकडे तोंड करून, एकटाच जेवायचा.

कंपनीचा करार संपल्यावर तो गावी परतला. औषधांनी नवराबायको दोघंही वाचली होती. शकुबाई पूर्ण बरी झाली होती, पण डोमाचं एक फुप्फुस कामातून गेलं होतं. वेल्डिंग सुटलं होतं, आता तो घरी बसून स्टोव्ह दुरुस्त करायचा. टिकारामला दारात बघून त्याचा चेहरा खुलला.

"ये गा! अजून तेच घेऊन बसला का मनात? मीच तं म्हनलो होतो तुले, उभा राय म्हनून."

शकुबाई चहा घेऊन आली. टिकारामसमोर कप ठेवत ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी म्हनले, माहीत हाये. त्यायनं नाही म्हनाचं होतं."

"हो वहिनी," टिकाराम म्हणाला आणि त्याने कप उचलला.