अंगात आलेली गिटार

हातात गरम चहा आहे, खोटं बोललो तर जीभ भाजेल. तेव्हा सांगतो ते शंभर टक्के खरं. बरं, नव्व्याण्णव टक्के. एक थाप आहे यात, पण कुठली ते शेवटी सांगीन. आधी माझी कशी फजिती झाली ते ऐका!

कॉलेजात मी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. पुढे इतवारीत भांड्यांच्या दुकानात बसलो आणि गिटार माळ्यावर गेली. पन्नाशी जवळ आली तशी ती खाली काढली. काय करणार? हौस!

त्यातही हौस एकच, फीडबॅकची. लग्नाच्या मांडवात माइक स्पीकरसमोर आला की 'कूंईंईं' होतं आणि सगळे कानांवर हात ठेवतात ना? तेच ते. गिटारवाले मात्र ते मुद्दाम करतात. अ‍ॅम्प्लिफायर मोठ्ठा करायचा, गिटार त्याच्या तोंडाशी न्यायची, की तार सूर सोडतच नाही. ओरडत राहते!

आमच्या नंदनवनातल्या घरात मी हे एकदाच केलं. शेजारच्या काकूंनी आधी कुकर बंद केला, मग गॅस बंद केला, मग घर सोडून रस्त्यावरच आल्या. माझ्या बायकोने, मंगलाने, त्याच दिवशी अ‍ॅम्प्लिफायर घराबाहेर काढला.

मग मी पेडल आणलं. साबणाच्या डबीएवढी वस्तू. गिटारची वायर त्यात, हेडफोनही त्यातच. तार छेडा, पेडल पायाने दाबून धरा, की भिंतीएवढा अ‍ॅम्प्लिफायर समोर असल्यासारखा फीडबॅक! तोही फक्त तुमच्या कानात. पाय उचलेपर्यंत सूर मरत नाही, उलट हळूहळू वर चढतो. आणि घरात? टाचणी पडली तर ऐकू येईल.

खऱ्या फीडबॅकला अ‍ॅम्प्लिफायरकडे तोंड करून डोलावं लागतं. पेडलला याची काही गरज नसते. मला होती! म्हणून मी हॉलमधल्या लोखंडी कपाटालाच अ‍ॅम्प्लिफायर मानलं. कपाटावर टीव्हीचा जुना स्पीकर होता, तोही पेडलला जोडून ठेवला. हेडफोनची पिन निघाली तरच तो वाजणार होता. आणि पिन कशाला निघते?

आता खरा प्रसंग. आमच्या मुलीने, रसिकाने, ऑफिसातल्या वैभवला पसंत केलेलं. मुलगा गुणी, वडील कोराडीच्या वीज केंद्रात. सगळं जुळलं होतं, अडली होती फक्त कुसुमआत्या. म्हणजे वैभवच्या वडिलांची थोरली बहीण. त्या घरात तिच्या शब्दापुढे कुणी जात नाही. ती म्हणाली, "मी पोरीचं घर पाहीन, मगच बोलीन."

मे महिना. ऊन उतरल्यावर येतो म्हणाले होते. मंगला स्वयंपाकघरात जाताना बजावून गेली, "अवो, आज काही तमाशे करू नका. आंघोळ करून नीट कपडे घाला. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

आंघोळ केली. कपड्यांना वेळ होता. म्हटलं, तेवढ्यात एक सूर!

बनियन, बर्मुडा, ओले केस, कूलरचा वारा पाठीवर. कानाला हेडफोन. तार छेडली, पेडल दाबलं, डोळे मिटले. अहाहा! काय सांगू! कपाटाकडे तोंड करून मी गदागदा हलत होतो. दात आवळलेले, तोंडातून 'हुं... हुं...'.

आणि आत्या, वैभव, त्याचे वडील, सगळी मंडळी भर दुपारीच आली! वैभवच्या वडिलांची ड्यूटी बदलली होती म्हणे. बेल वाजली. मला कुठली ऐकू येते? रसिकाने दार उघडलं, आणि आत्याला काय दिसलं? एक माणूस, ओल्या केसांनिशी, कपाटासमोर थरथरतोय. हुंकार देतोय. बाकी आवाज फक्त कूलरचा!

"अवं माय!" आत्या उंबऱ्यातच थांबली. "यायच्या अंगात येते? पयले काहून नाई सांगतलं?"

"अंगात नाही आत्या, बाबा ते..." रसिका बोलायला गेली.

"चूप राय! मधात बोलू नोको. कुकू आण. नारळ हाय का घरात?"

हे सारं मला नंतर कळलं. मला तेव्हा एवढंच कळलं की कपाळावर कुणीतरी गार बोट ओढलं आणि पायाशी काहीतरी फुटलं.

मी डोळे उघडले. मान वळवली, तर मागे रसिकाचं होणारं अख्खं सासर हात जोडून उभं! पायाशी नारळाची दोन भकलं. उदबत्तीचा धूर. माझ्या अंगावर बनियन! सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मी दचकून मागे वळलो. गिटार पुढे आली, हेडफोनची वायर ताणली आणि पिन सटकन निघाली.

कपाटावरून 'कूंऊंऊंईंईं!'

"हातात वीणा हाय वं!" आत्या किंचाळली.

मी घाबरून गिटार सोडली, पट्ट्याने ती गळ्यात लटकत राहिली. दोन्ही हात जोडले. तारांना हात नाही, तरी सूर चालूच! कारण माझा पाय? तो पेडलवर खिळलेला. काही केल्या हलेना.

आत्याने जमिनीला डोकं टेकलं. "माय, माह्या वैभवचं या घरात भलं होईन का?"

आणि पेडलने तोच मुहूर्त साधला. सूर सर्रकन वरच्या पट्टीत चढला!

"होकार देल्ला!"

"आत्या, हे मशीन..." मी तोंड उघडलं. मंगलाने पाठीमागून असा चिमटा काढला की माझा सूर पेडलच्याही वर गेला.

इतक्यात वैभवचे वडील ओरडले, "सरका सगळे! कपाटात करंट उतरून राहिला! कोणी हात लावू नका!" आणि धावत जाऊन त्यांनी मेन स्विचच खाली ओढला.

कूलर बंद. सूर बंद. सगळे गार.

"गेली माय," आत्या म्हणाली. मग डोळे पुसत रसिकाला जवळ बसवून तिने उरलेलं कुंकू तिच्या कपाळाला लावलं. चहा उकळायच्या आधी सोयरीक पक्की!

निघताना वैभव माझ्या पाया पडायला वाकला. खाली पेडलकडे पाहिलं, वर गिटारकडे पाहिलं. सगळं समजलेला चेहरा!

"काका, तुम्ही गिटार कुठं शिकले?"

"कॉलेजात. ऑर्केस्ट्रात होतो मी."

त्याने आवाज बारीक केला. "मी आत्याले काहीच सांगत नाही. फक्त एक करा. लग्नात वाजवू नका."

तर आता ती थाप. नारळ खरा, आत्या खरी, मेन स्विच खरा. चिमट्याचा डागही खरा, पण दाखवण्यासारख्या जागी नाही. मी ऑर्केस्ट्रात होतो, हेसुद्धा खरं. फक्त गिटार दुसरा कुणीतरी वाजवायचा.

मी पडदा ओढायचो.