सूनबाईच्या पुस्तकातली आई

गेलं बाई एकदाचं ते पुस्तक छापायला! सुटले मी. आता सकाळचा चहा तोंडाला लावते न लावते तोच मला कोणी विचारणार नाही, की "आई, बायको नवऱ्यावर मनापासून वैतागली तर काय म्हणते?" जसं काही मी या विषयात पदवीच घेतली आहे. घेतली आहे म्हणा, फक्त कागद हातात मिळाला नाही.

माझी सून भाषांतरं करते. स्पॅनिशमधून इंग्रजीत. लोक विचारतात, "म्हणजे घरीच असते?" हो, घरीच असते, पण हाक मारली तर सापडत नाही. खिडकीपाशी टेबल, टेबलावर दोन जाडजूड शब्दकोश, कानावर पेन्सिल, आणि ही आपली ओठ हलवत भिंतीकडे बघत बसलेली. पूर्वी औषधांच्या खोक्यातल्या घडी घातलेल्या कागदांचं आणि यंत्रांच्या सूचनांचं काम करायची. "यंत्रं चिडत नाहीत ना, आई, म्हणून बरं," असं म्हणायची. मुखदुर्बळ आहे बिचारी. भाजीवाल्याने सडका टोमॅटो टाकला तरी त्यालाच "थँक्यू" म्हणून येईल.

आणि हिच्याच वाट्याला हे पुस्तक आलं! एका म्हाताऱ्या बाईंनी स्वतःच्या आईवर लिहिलेलं. आई लोकांचे कपडे इस्त्री करायची आणि दिवसभर तोंड चालवायची. बाई आता लेकीकडे राहतात, नातींना येतं फक्त इंग्रजी. आपण आहोत तोवर नातींना पणजी भेटावी, एवढीच त्यांची इच्छा. त्यांना स्वतःला इंग्रजी ऐकून सगळं कळतं, लिहिता तेवढं येत नाही. दोन भाषांतरकारांना त्यांनी "ही माझी आई नव्हे" म्हणून परत पाठवलं होतं. आता एक प्रकरण नमुन्याला करून द्यायची पाळी हिची होती. पसंत पडलं तर पुस्तक हिचं, नाहीतर पुन्हा औषधांचे कागद.

"आई, मला हे पुस्तक हवंय," एवढंच म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून या मुलीने 'मला हवंय' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

अडचण होती ती त्या आईच्या तोंडाची. एक वाक्य सरळ बोलेल तर शपथ! ती रागावली की भिंतीवर चढते. कंटाळली की नाकापर्यंत भरते. थट्टेला स्पॅनिशमध्ये केस ओढणं म्हणतात म्हणे, इंग्रजीत पाय ओढतात, आणि आपण नुसतंच खेचतो, काय खेचतो ते देवाला ठाऊक. फटकळ माणसाच्या जिभेवर तिकडे केस नसतात. "आपल्याकडे जिभेला हाड नसतं," मी म्हटलं, तर ही आनंदाने टाळ्याच पिटायला लागली.

मग तिने एक पद्धतच काढली. मला प्रसंग सांगायचा, मी चिडायचं, आणि माझ्या चिडण्यावरून तिने इंग्रजी करायचं. मी उभा जन्म पाळणाघर चालवलं आहे, रागवण्याचा माझ्याकडे भरपूर साठा आहे. मी कणीक मळता मळता ओरडायची, ही दारात उभी राहून लिहून घ्यायची. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. म्हातारपणी आपलं तोंड कोणाच्या कामाला येतं?

पण पठ्ठीने घाईत माझे शब्द जसेच्या तसे इंग्रजीत घातले. 'डोकं खाऊ नकोस' याचंही शब्दाला शब्द! प्रकाशकाच्या ऑफिसातल्या संपादक बाईंनी लाल रेघा मारून पानं परत केली. वर शेरा, की ही मुलगी आईचं डोकं नेमकं कशाशी खाते? पुन्हा करून द्या, शेवटची संधी.

सून रडवेली झाली आणि मी फुगले. माझ्या बोलण्यावर लाल रेघा? ठीक आहे. आता बोलेन तर सभ्यच बोलेन.

राहिला होता सगळ्यात अवघड प्रसंग. ती लहान मुलगी, म्हणजे लिहिणाऱ्या बाईच, बाजारात हरवते आणि अंधार पडताना आपली आपण घरी येते. आई दारात. स्पॅनिशमध्ये ती म्हणते, की माझा जीव दोऱ्याला लटकवून ठेवलास.

"आई, अशा वेळी तुम्ही काय म्हणाल?"

"मी म्हणेन, आलीस का बाळ? ये, बस."

"आई, प्लीज."

"का? यावर लाल रेघ येणार नाही."

तिने पेन्सिल कानावर खोचली. थोड्या वेळाने चपला घातल्या आणि बाहेर पडली. फोन टेबलावरच राहिला. आधी मी म्हटलं, जाऊ दे, येईल. दुपार टळली. स्वयंपाक निवला. ओट्याची टाइल अन् टाइल घासून झाली. मुलगा कामासाठी परगावी गेलेला, त्याला कळवून काय सांगू? तुझ्या बायकोला मी शब्दांनी मदत केली नाही म्हणून ती निघून गेली? मग गॅलरीतून खाली बघत उभी राहिले. प्रत्येक रिक्षा थांबली की कठड्यावरून वाकून बघायची. मनात येऊ नये ते सगळं येऊन गेलं. देवा, ती घरी येऊ दे, वाटेल तेवढं बोलेन, असं दहादा म्हटलं असेल.

दिवे लागायच्या सुमाराला लॅचमध्ये किल्ली फिरली.

"कुठे उलथली होतीस?" माझा आवाज जिन्यात गेला असणार. "फोन इथे टाकून जातेस? इथे माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तू खुशाल हिंडतेयस! पाय मोडून ठेवीन पुन्हा अशी गेलीस तर! आणि उभी काय राहिलीस ठोंब्यासारखी? तोंड बघ केवढंसं झालंय. हातपाय धू आणि आधी जेवायला बस."

सुनेला असं कोणी बोलतं का? पण तोंडातून गेलं ते गेलं. ती एकदम माझ्या गळ्यात पडली. "आई, वाचनालयात बसले होते हो, भान राहिलं नाही," म्हणाली, आणि चपलांसकट धावली टेबलाकडे. जेवण पुन्हा गरम करून मी टेबलावर नेऊन ठेवलं, तरी मान वर नाही.

मग तिने मला वाचून दाखवलं. मला इंग्रजी बेताचंच येतं. माझा एकही शब्द त्यात नव्हता. नुसता माझा राग होता, आणि शेवटी त्या आईने मुलीपुढे आदळलेला सूपचा वाडगा. तो मूळ पुस्तकातच होता म्हणे.

"हां," मी म्हटलं, "ही आई आहे."

पानं गेली. त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून बोलत होतो. शेवटी संपादक बाईंचा फोन आला. सून ऐकता ऐकता खालीच बसली. मला वाटलं, बोंबललं!

तसं नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्या बाईंच्या एका नातीने ती पानं आजीला मोठ्याने वाचून दाखवली होती. आजी डोळे मिटून खुर्चीत बसलेल्या. नात त्या ओरडण्याच्या जागी आली, आणि ऐंशी ओलांडलेल्या त्या बाई डोळे न उघडताच आपल्या भाषेत म्हणाल्या, "आले गं, आई."

पुस्तक आमच्या सुनेचंच झालं. तिने मला हे सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, "बरं झालं," आणि पुढे मला काही बोलताच येईना.