डोकं दुखत नव्हतं

मित्रांनो, आज दुपारी मी खोटं बोललो.

आमच्या ख्रिस्ती घरात प्रार्थनेशिवाय कुणी जेवत नाही. संपापर्यंत बाबा परळच्या गिरणीत होते. ते डब्यापुढे हात जोडत, तोवर सोबतचे मालवणी कामगार घास हातात धरून थांबत. त्याच जागेवर आज माझं ऑफिस आहे.

कँटीनमध्ये मी प्रार्थना करतोय हे कुणाला कळू नये म्हणून मी कपाळावर हात धरून डोळे मिटले.

"काय रे, डोकं दुखतंय?" शेजारच्या सावंतबाईंनी विचारलं.

"हो."

त्यांनी जेवण सोडून माझ्या कपाळाला बाम चोळला. "आता जेव हळूहळू. मी थांबते."

घरी बाबांना बामचा वास आला. त्यांनाही मी डोकं दुखत होतं असंच सांगितलं.

आत्ता आतल्या खोलीत ते माझ्या डोक्यासाठी प्रार्थना करताहेत. त्यांना जाऊन काय सांगू?