झाडाखालचा पहिला चावा

व्हर्लिन टॅकेटचा हात जिभेच्या आधी चाले. केंटकीच्या त्या डोंगरी मुलखात त्याच्या तडाख्यातून शेजारी सुटले नव्हते, पाद्रीही सुटला नव्हता. आपल्या शिकारी हाउंड कुत्र्यांवर मात्र त्याने कधी हात उगारला नाही. पण कायदा म्हणजे कायदा. सावज चढलेल्या झाडाखाली भांडणात पहिला चावा घेणारं कुत्रं टॅकेटांच्या घरी परत येत नाही, हे आजोबांनी ठरवलेलं. बापाने तर व्हर्लिन लहान असताना त्याचा लाडका कुत्रा बस्टर पहिला चावला म्हणून इथेच, हाउंडांच्या वार्षिक मेळाव्यात, सगळ्यांदेखत गोळी घालून मारला. व्हर्लिन रडला म्हणून त्याच्याही थोबाडीत बसली. टॅकेटांच्या कुत्र्यांना मान आहे तो या कायद्यामुळेच, असं तो पुढे जन्मभर सांगत राहिला.

यंदा त्याची मुलगी ओलीटा आपल्या सॅल या कुत्रीला घेऊन आली होती. सॅलची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा ओलीटाने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. तळ्याच्या शर्यतीत रॅकून या रानजनावराच्या वासामागे पोहत सॅलने सगळ्यांआधी पलीकडचं झाड गाठलं आणि ती वर तोंड करून भुंकायला लागली. मागोमाग ड्यूई स्लोनचा लाल कुत्रा येऊन तिच्यावर आदळला. दोघांची चिखलात जुंपली. व्हर्लिन काठाने धावत पोचेपर्यंत लाल कुत्र्याचा कान लोंबत होता आणि सॅलचं तोंड रक्ताने माखलं होतं.

"व्हर्लिन, अरे ऐक तर—" म्हणत ड्यूई पुढे आला.

व्हर्लिनने एका ठोशात त्याचं नाक फोडलं. तो पडला तरी बरगडीत लाथा घातल्या. चौघांनी धरलं तेव्हा कुठे थांबला.

"सुरुवात कुणी केली ते पाहिलंत का, डॅडी?" ओलीटा किंचाळली.

"तिचं तोंड बघ. आणखी काय बघायचंय?"

"मग तुमचे हात बघा की!"

मेळाव्यातले म्हातारे भोवती जमले होते. आता टॅकेट काय करतो, एवढंच त्यांना पाहायचं होतं. व्हर्लिनने ट्रकमधून बंदूक आणली, ओलीटाला कोपराने बाजूला ढकललं. त्याला पाहून सॅल शेपटी हलवत उठली. त्याने गोळी घातली.

ड्यूई कसाबसा उठून बसला, रक्त थुंकला. "पहिला चावा माझ्या कुत्र्याचा. तेच सांगायला आलो होतो, गाढवा!"

व्हर्लिनने बंदूक खाली टाकली. गुडघे टेकून तो सॅलच्या अंगावरून हात फिरवायला गेला, तशी ओलीटाने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. रक्त आलं तरी सोडेना.

"झाडाखाली चावणारं घरी परत येत नाही ना, डॅडी?" तोंड पुसत ती म्हणाली. "मीही येत नाही."