कोमट पाणी, उकळू नये

ती सकाळ अजून जशीच्या तशी समोर उभी राहते, कारण त्या सकाळी माझ्या हेड कॉन्स्टेबलने पुरावाच बोटाने चाखून पाहिला होता.

वडील रेल्वेत इंजिनिअर म्हणून लखनौला आले आणि इथलेच झाले. मी उत्तर प्रदेश पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागलो आणि घरात मराठी, ठाण्यात हिंदी असं सगळं आयुष्य काढलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना शहराच्या उत्तर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. त्या वेळची ही गोष्ट. नाव कोणाचंच घेणार नाही. सगळे हयात आहेत, आणि त्यांतले दोघे सणासुदीला मला फोन करतात.

सकाळची हजेरी संपत आली होती तेव्हा ठाण्याच्या फोनवर खबर आली. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. विकास नगरच्या मागच्या गल्लीत एका घरात दारूचा कच्चा माल लावतात, तीन निळी पिंपं आहेत, दोन पुढच्या खोलीत आणि तिसरं मागच्या अंगणात दाराआड, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. मी ती खबर रोजनाम्यात शब्द न् शब्द उतरवून घ्यायला लावली. खबर खरी की खोटी हे पुढे कळतंच, पण ती नेमक्या कोणत्या शब्दांत आली हे दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही. माझ्या पहिल्या वरिष्ठांनी लावलेली ही सवय मी कधी सोडली नाही.

आबकारी खात्याच्या निरीक्षकांना कळवलं, दोन पंच घेतले आणि नऊच्या सुमारास आम्ही त्या घरी पोचलो. दार एका म्हाताऱ्याने उघडलं. सत्तरीचा, बारीक अंगाचा, लुंगी गुडघ्यापर्यंत ओली. गल्लीत सगळे त्याला चाचा म्हणत. लखनवी चिकनकारीचं भरतकाम झालेलं कापड धुऊन देणं हा त्याचा पिढीजात धंदा. भरतकामाआधी कापडावर निळीने नक्षी छापतात. काम पुरं झाल्यावर ती नीळ आणि कापडातली खळ दोन्ही काढावी लागतात, तेव्हा कुठे तो कपडा दुकानात जातो.

पुढच्या खोलीतल्या दोन पिंपांत कपडे भिजत होते. तिसरं पिंप खबरीप्रमाणे मागच्या अंगणात दाराआड सापडलं. त्यात तांदळाच्या कणीची पेज होती, पण पाण्यासारखी पातळ झालेली. आमच्या हेड कॉन्स्टेबलने, म्हणजे ठाण्याच्या भाषेत दीवानजींनी, मी थांबवायच्या आत बोट बुडवून जिभेला लावलं.

"साहब, मीठा है," ते म्हणाले.

तांदूळ भिजवून तो गोड झाला, की पोलिसाच्या डोक्यात एकच विचार येतो. आबकारी निरीक्षकांनी नमुने सील केले आणि नियमाप्रमाणे उरलेला माल जागेवरच ओतून द्यायचा आणि पिंपं जप्त करायची असं सांगितलं. चाचाला विचारलं, हे काय आहे, कुणी दिलं. तो मान खाली घालून गप्प उभा राहिला. एका कोपऱ्यात तपकिरी पाण्याचा कॅन होता, त्याच्याबद्दलही अवाक्षर काढेना. खोटं बोलणारा माणूस भराभर बोलतो, हा माझा अनुभव. हा बोलतच नव्हता. फक्त आमचे शिपाई कपड्यांच्या पिंपाकडे वळले तेव्हा तो आडवा आला आणि म्हणाला, "हमको ले चलिए साहब, दुपट्टे छोड़ दीजिए."

साठ दुपट्टे होते. जवळच्या खेड्यांतल्या बायकांनी भरलेले, एकेकावर दोन-तीन महिन्यांची नजर खर्ची पडलेली. ओलं सुती कापड सील करून मालखान्यात टाकलं असतं तर आठवड्यात काळं पडलं असतं. मी ओतणं थांबवलं. निरीक्षकांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, गोड आहे म्हणजे उद्या दारू होणारच. मी म्हटलं, मग आज होत नाहीये ना, दुपारपर्यंत थांबू.

झडतीत एक वही मिळाली. तिच्यात आकडे, वेळा आणि मधूनमधून देवनागरी अक्षरं. तरुण सब-इन्स्पेक्टर ती घेऊन माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, सर, यात कोडवर्ड आहेत, हिंदीसारखं दिसतं पण हिंदी नाही. मी वही उघडली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "कोमट पाणी. उकळू नये. हात सहज बुडवता आला पाहिजे."

मला त्या अंगणात हसू आवरेना. इतक्या वर्षांच्या नोकरीत मुद्देमालावर मराठी मी पहिल्यांदाच वाचत होतो.

लखनौतली मराठी घरं आपसात एकमेकांना ओळखून असतात. मी बायकोला फोन लावला आणि विचारलं, कापडाची खळ, पिंपं, तांदळाची पेज असलं काही करणारं आपल्यात कोणी आहे का. ती क्षणभरही थांबली नाही. "अहो, त्या अलीगंजच्या मॅडम. संशोधन संस्थेत आहेत, गणपतीला उकडीचे मोदक आणतात त्या. एन्झाइमवर काम करतात. अच्छा, तुम्ही त्यांना पकडलं की काय?"

आम्ही चाचा, कॅन आणि नमुने घेऊन ठाण्यात परतलो. तासाभरात मॅडम स्कूटरवरून तिथे आल्या. पन्नाशीच्या, मूळच्या साताऱ्याच्या. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी चाचाकडे पाहिलं आणि विचारलं, इन्होंने खाना खाया? मग माझ्यासमोर संस्थेचं परवानगीचं पत्र ठेवलं. वही त्यांचीच होती. चाचा का गप्प होता ते तेव्हा उलगडलं. प्रयोग पुरा होईपर्यंत कुणाला सांगू नका, असं त्या सहज बोलून गेल्या होत्या आणि त्याने ते शब्द शपथेसारखे धरून ठेवले होते. तोंड उघडलं तर मॅडमची नोकरी जाईल, असं त्याला वाटत होतं.

"साहेब, भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते ना?" त्यांनी मला मराठीत विचारलं. "लाळेतलं एन्झाइम पिठातल्या स्टार्चची साखर करतं. बिस्किट-गोळ्यांमधलं ग्लुकोजचं सिरप कारखान्यात असंच बनतं, गाडीत घालायचं इथेनॉलसुद्धा असल्याच साखरेपासून करतात. तिथे एन्झाइम उकळत्या उष्णतेत टिकावं लागतं. मला उलटं हवं होतं. चाचांकडे बॉयलर नाही. म्हणून एन्झाइमच्या रचनेत बदल करून ते कोमट पाण्यात चालेल असं केलं. कापडातली खळ विरघळते, तिच्याबरोबर नीळ सैल होते आणि टाका शाबूत राहतो. दाराआडच्या पिंपातल्या पेजेवर मी त्याची चाचणी घेत होते. आतापर्यंत हेच काम सोडा आणि तेजाबाने, म्हणजे अ‍ॅसिडने करत होते, त्यात बोटं फुटतात."

आबकारी निरीक्षकांनी हाताची घडी घातली. ते प्रामाणिक गृहस्थ होते, पण शब्दांवर विश्वास ठेवणारे नव्हते. मॅडमनी ठाण्याच्या मेसमधून भाताची पेज मागवली आणि प्रथमोपचाराच्या पेटीतलं जखमेला लावायचं आयोडीन. दोन ग्लासांत पेज ओतली, एकात कॅनमधलं एन्झाइमचं दोन चमचे पाणी घातलं आणि चहा पिऊ या म्हणाल्या. अर्ध्या तासाने दोन्हींत आयोडीनचे थेंब टाकले. साधी पेज शाईसारखी गडद निळी झाली. दुसऱ्या ग्लासात निळं काहीच दिसेना, नुसता चहाचा रंग. तोवर कोठडीतले सोडून सगळं ठाणं माझ्या टेबलाभोवती जमलं होतं. निरीक्षकांनी सील केलेला नमुना पुन्हा हुंगला. ना फेस, ना आंबूस वास. दारू व्हायला यीस्ट लागतं आणि इथे ते नव्हतंच, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी स्वतःच्या हाताने तसा अहवाल लिहिला आणि चाचासाठी दुसरा चहा मागवला.

दारूचा मामला मिटला, पण रोजनाम्यातली खबर माझ्या डोक्यातून जाईना. तिसरं पिंप रस्त्यावरून दिसत नव्हतं. ते दाराआड आहे हे आत जाऊन आलेल्यालाच माहीत असणार. चाचाला विचारलं, घरात कोण येऊन गेलं. तो म्हणाला, कोणी नाही, शेजारच्या गल्लीतला, भट्टीत कपडे उकळून धुणारा भट्टीवाला मागे एकदा येऊन बसला होता, बस. आणखी खोदल्यावर कळलं की त्यानंतर एक भरलेला कॅन दिसत नव्हता. आपणच कुठे विसरलो, असं चाचाला वाटलं होतं.

भट्टीवाल्याला मी आरोपी म्हणून बोलावलं नाही. धुण्याच्या कामातला जाणकार म्हणून मत घ्यायला बोलावलं. चाळिशीचा, भारदस्त माणूस. त्याला खुर्ची दिली आणि भट्टी कशी लावतात, कपडा पिवळा का पडतो, असं विचारत गेलो. माणूस स्वतःबद्दल बोलताना सावध असतो, कामाबद्दल बोलताना नसतो. वीस मिनिटांत तो हातवारे करून मला शिकवू लागला. मग मी टेबलावरचा कॅन त्याच्याकडे सरकवला आणि म्हणालो, म्हातारा म्हणतो याने खळ निघते, तुम्हाला पटतं का?

तो तुच्छतेने हसला. "अरे साहब, पानी है पानी। हमने तो दो घंटा खौला के देखा, कुछ नहीं हुआ।"

शेजारी बसलेल्या मॅडम कळवळून म्हणाल्या, "उबाल दिया? मर गया होगा बेचारा." त्यांना एन्झाइम म्हणायचं होतं. भट्टीवाल्याने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलं. त्याने नाकारलं नाही. चाचाचे कपडे उजळ निघू लागले, गिऱ्हाईक तिकडे वळलं, म्हणून कॅन उचलला. तो चालला नाही म्हणून रागाने फोन केला. अर्धा कॅन त्याच्या भट्टीमागे मिळाला.

चोरीचा गुन्हा नोंदवला, तो नोंदवणं भागच होतं. पण पुढे न्यायालयात चाचानेच तडजोडीचा अर्ज दिला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, कशासाठी. तो म्हणाला, "उसकी भट्टी में भी तो औरतों का ही काम जाता है, साहब। उसको भी सिखा दें।" न्यायालयाने परवानगी दिली. मॅडमनी चाचाला सोबत घेऊन भट्टीवाल्याला खरंच शिकवलं, आणि मी ऐकलं की तो चांगला विद्यार्थी निघाला.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. जप्त करण्याआधी वस्तू कशासाठी आहे ते विचारावं. मी नोकरीभर ती कोणाची आहे एवढंच विचारत आलो होतो. आणि गप्प बसणारा प्रत्येक माणूस स्वतःला वाचवत नसतो. हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं याचा खेद नाही. कळलं याचा आनंदच जास्त आहे.

त्या हिवाळ्यात गोमती नगरच्या एका सभागृहात धुलाईवाल्यांसाठी मॅडमनी शिबिर घेतलं. मी साध्या कपड्यांत मागे उभा होतो. संपल्यावर चाचा गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला, दोन्ही हात माझ्यासमोर उलटेसुलटे करून दाखवले आणि म्हणाला, "देखिए साहब, पहला जाड़ा है कि उँगलियाँ नहीं फटीं।" मग ते हात त्याने माझ्या हातात दिले.