तिसरी हाक

आमच्या जानेफळात धसका कुणी देत नाही, तो फक्त घेतला जातो. ‘पोरीनं धसका घेतला,’ असं म्हणायचं, जणू पोरगी तो बाजारातून घेऊन आली. देणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. ही सोय मला चाळीस वर्षं पुरली.

धाकटी बहीण तेव्हा सात वर्षांची, मी अकराचा. आमची काकू, म्हणजे मोठी आई, वारून पंधरा दिवस झाले होते. घरात पहिल्या दोन हाकांना कुणी ओ देत नसे. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक जित्या माणसाची, असं आम्ही मानायचो. भर दुपारी मी कापसाच्या खोलीत ढिगात शिरलो आणि मोठ्या आईच्या घोगऱ्या आवाजात बहिणीला दोनदा हाक मारली. तेवढ्यात हसू फुटलं, म्हणून तोंडात कापूस कोंबला. शाळेच्या नाटकात मला कायम झाड का करायचे, ते यावरून कळावं.

“आली, मोठी आई!” बाहेरून तिचा आवाज आला. मग काहीतरी पडलं. घाईत दुसऱ्याच हाकेला ओ दिली येडीनं, मला वाटलं.

ती चुलीपाशी बेशुद्ध पडली होती. धसका उतरावा म्हणून आईनं तापवलेला विळा पाण्यात विझवून ते पाणी तिला पाजलं. तेव्हापासून ती दाराकडे पाठ करून बसत नाही. जेवतानाही नाही.

परवा ती सासरहून, धाड गावाहून, पोरांना घेऊन आली. भाच्यांनी भुताची गोष्ट मागितली आणि मी हीच सुरू केली, आवाजासकट. बहिणीच्या हातातला घास हातातच राहिला. पोरं अंगणात गेल्यावर मी म्हणालो, “बाई, तो मीच होतो. कापसात.”

तिनं घास ताटात ठेवला.

“तिन्ही हाका? तिसरी तं चुलीपासून आली होती, दादा. जित्या मानसाची समजून तं मी तिकडं गेली. सांग नं, तिन्हीबी तूच?”

तो कापूस पुन्हा माझ्या तोंडात आला.

“हाव,” मी म्हणालो. “तिन्ही. आवाज घुमला असंल.”

“मेल्या!” तिनं पाठीत धपाटा घातला, चाळीस वर्षांचा. रडता रडता हसली. मग ताट उचललं आणि दाराकडे पाठ करून जेवायला बसली.

मी मात्र जागा बदलली. आता भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून बसतो. स्वयंपाकघरातून बायकोनं जेवायला बोलावलं, तर चौथ्या हाकेशिवाय उठत नाही. ती मला बहिरा म्हणते.