पेजेला कसला वास?

त्या दिवशी सकाळी मला पालघरची गाडी गाठायची होती. नर्मदावहिनी ओटीवरच्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. महिनाभर त्यांच्या पोटात पेजेशिवाय काही ठरत नव्हतं. मी त्यांच्या पितळी वाटीत पेज आणली, वर तुपाचा थेंब सोडला, वाटी हातात दिली आणि पदर खोचून निघाले. त्यांनी वाटी दोन्ही हातांत धरली, वाफ तोंडावर घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मालू, आदी काय आलं गो?" तीन-चार वर्षांत त्यांनी मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी थांबायला हवं होतं. मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, गोड करून नाही. मी म्हटलं, "अहो वहिनी, पेजेला कसला वास? प्या बघू, गार होतेय." त्या हसल्या. "जा, गाडी चुकंल," म्हणाल्या. दुपारी सातवीच्या वर्गात त्रिकोणाचे कोन मोजायला शिकवत होते, तेवढ्यात शिपाई दाराशी येऊन उभा राहिला. बोईसरहून निरोप होता. मी घरी पोचले तेव्हा ओटीवर माणसं जमली होती आणि ती वाटी कोणीतरी धुऊन पालथी घातली होती.

याला आता दीड महिना झाला. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. घर आणि घरामागची वाडी सोडून त्या फारशा कुठे गेल्या नाहीत, त्यामुळे त्यांचं नाव कोणी ऐकलेलं असायचं कारण नाही. पण त्यांच्या पंगतीला एकदा जेवलेलं माणूस ते जेवण विसरलं नाही, हे मात्र मी छातीठोकपणे सांगते. माझं माहेर मनोरचं. आमच्याकडे जेवण म्हणजे भूक लागली की उरकायचं काम. लग्न होऊन मी बोईसरला आले आणि पहिल्याच दिवशी चक्रावले. केळीचं पान निखाऱ्यावरून फिरवून मऊ करून मांडलेलं, हात लावला तर कोमट. कांदा विळीवर चिरायचा नाही, ताटाशेजारी मुठीने फोडायचा, म्हणजे फुटल्याचा आवाज यायचा. भात वाढताना त्या भांडं मुद्दाम जरा वर धरत, वाफ थेट तोंडावर यायची. पापड सगळ्यांत शेवटी, निखाऱ्यावरून सरळ पानावर. "जेवण काय नुसतं तोंडानी जेवतात?" असं त्या म्हणायच्या.

आणि त्या झाकणाचा नियम. कालवण असो की भाजी, भांडं स्वयंपाकघरात कधी उघडायचं नाही. सगळे पाटावर बसले की भांडं मधे यायचं, वहिनी समोर आपला पाट घेऊन बसायच्या, सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघायच्या आणि झाकण उचलायच्या. मग तो प्रश्न... "आदी काय आलं?" म्हणजे नाकाला आधी काय लागलं, लसूण की कोथिंबीर, चिंच की खोबरं. दादा, म्हणजे माझे मोठे दीर, मान खाली घालून जेवायला लागायचे. आमचे हे "भूक आली" म्हणून चेष्टा करायचे. मी नवी नवरी, त्यात मास्तरीण, उत्तर दिल्याशिवाय राहवतंय कुठलं! मी डोळे मिटून सांगायची : आधी लसूण, मग नारळ, मग खालून कुठूनतरी मिरी. वहिनी कान देऊन ऐकायच्या. "मिरी कशी गो? टोचती का नुसती येती?" असं खोदून विचारायच्या. सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणायच्या, "हिला कवतुकाची हौस भारी." मलाही तसंच वाटायचं. पोटी मूल नव्हतं. बाईला कौतुक करून घ्यायला स्वयंपाकाशिवाय होतं तरी काय!

त्या स्वतः मात्र सगळ्यांच्या मागून, एकट्या जेवायच्या. एकदा मी पाणी प्यायला आत गेले तर डोळे मिटून सावकाश घास चावत होत्या. ओठ हलत होते. दमल्या असतील म्हणून मी आल्या पावली परत फिरले. एकदा दूध करपून धुराचा लोट उठला आणि या चुलीकडे पाठ करून शांतपणे तांदूळ निवडत बसलेल्या. "वहिनी, लक्ष कुठे होतं? स्वप्न बघत होता की काय?" म्हणून मी आठवडाभर त्यांना छळलं. मी मोगऱ्याचा गजरा आणला की म्हणायच्या, "मोगरा तू घाल, मला अबोली पुरे." वासाच्या फुलाचं यांना काय वावडं, असं मला वाटे. पण माणसाला असतात एकेक खोडी, म्हणून मी सोडून दिलं.

मग तारापूरकडे वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि आमच्या शांत बोईसरात ट्रक, धूळ आणि हिंदी एकदमच आली. दादांची बांधकामावरच्या एका उत्तरेकडच्या सुपरवायझरशी ओळख झाली आणि एका रविवारी त्यांनी त्याला जेवायला आणलं. माणूस मासे न खाणारा, म्हणून वहिनींनी उकडहंडी केली. थंडीचे दिवस होते. वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, वांगी, त्यांत ओल्या नारळाचं आणि पातीच्या लसणीचं वाटण, सगळं मडक्यात भरून तोंड पानांनी गच्च बंद केलं आणि अंगणात जाळ करून त्यात मडकं ठेवलं. ते काळंभोर मडकं तसंच पाहुण्यासमोर आलं. वहिनींनी पानं सोडली आणि मला ढोसलं, "इचार ना त्याला." मला लाज वाटली. तरी विचारलं, "भाभी पूछती हैं, पहले क्या आया?" तो आधी गोंधळला. मग मडक्यावर वाकून त्याने खोल श्वास घेतला. "पहले धुआँ आया, भाभीजी. फिर लहसुन. और उसके बाद..." त्याने पुन्हा वाकून वास घेतला. "उसके बाद मिट्टी. हमारे यहाँ अम्मा हाँडी चढ़ाती थीं, वही मिट्टी." त्याचे डोळे भरून आले होते. वहिनींचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन शाळेतून आले. डोकं दुखत होतं. वहिनींनी मला दारातच गाठलं, "तो काय बोल्ला काल? धूर आदी ना? आन् माती कशी येती गो, सांग ना." मी सांगितलं. हातपाय धुतले, पुन्हा तेच. जेवायला बसलो, बोंबलाच्या कालवणाचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आदी काय आलं?" माझा तोल गेला. मी म्हणाले, "वहिनी, दिवसभर पोरांना मार्क देऊन माझा जीव जातो. आता घरी येऊन तुमच्या कालवणालाही मार्क देत बसू का? चांगलं झालंय, एवढं बस्स नाही का होत? रोज आरती ओवाळायला हवी?" आमचे हे खो खो हसले. कधी न हसणारे दादाही हसले. वहिनीही हसल्या. झाकण बाजूला ठेवत म्हणाल्या, "नाय गो, उगाच इचारते मी."

दुसऱ्या दिवसापासून भांडं स्वयंपाकघरातूनच उघडून यायला लागलं. पान तसंच मऊ, पापड तसाच गरम, मीठमसाला तोळ्याने मोजल्यासारखा. काही म्हणजे काही कमी नव्हतं, आणि जेवण मात्र मुकं झालं. मला ते जाणवत होतं. चार-आठ दिवस मनात यायचं की आपणच म्हणावं, वहिनी, आज आधी चिंच आली. पण मग मीच कशाला कमीपणा घेऊ, असंही यायचं. शहाण्या माणसाचा हट्ट मूर्खाच्या हट्टापेक्षा वाईट. पाहता पाहता वर्षं गेली आणि मला त्याची सवय झाली.

वहिनी गेल्यावर तीन आठवड्यांनी घिवलीची हिरूबाय पाटी घेऊन आली. वहिनींना मासे कायम तीच द्यायची, मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. पायरीवर बसून तिने बोंबील काढले. मी सवयीने एक उचलून नाकाशी नेला आणि म्हटलं, "ताजा आहे." हिरूबायने एकदम पदर डोळ्यांना लावला.

"तुज्या जावंला मी वास घेऊन सांगायची गो बाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजे तुला म्हाईत नाय? तिला वास येत नव्हता. लगीन झाल्यावर दुसऱ्या वर्साला मोटा ताप आल्ता. ताप गेला, वासपन गेला. आंबट, खारट, तिकट तेवडं जिबंला कळायचं. बाकी सगली माती."

माझ्या हातातला बोंबील तसाच राहिला. इतकी वर्षं कोणाला कसं कळू दिलं नाही, असं काहीतरी मी पुटपुटले.

"सासूला कलला असता तर चुलीवरना उठवली असती तिला. पोटी पोर नाय, चूल गेली तर घरात तिचं काय ऱ्हातं? मासली शिली का ताजी ते मीच सांगायची. मला शपत घातली होती." मग नाक पुसून ती पुढे म्हणाली, "तुजं नाव लय काडायची. मालू शिकलेली हाय, बराबर सांगती, आदी लसून, मग खोबरा, मग मिरी. ती सांगती ते आटवत मी भात जेवते, म्हनायची."

आठवत भात जेवते... मिटलेले डोळे आणि हलणारे ओठ मी दारातून पाहिले होते आणि पाणी पिऊन परत गेले होते. अबोली, करपलेलं दूध, सगळं माझ्या नाकासमोर होतं. त्या कौतुक मागत नव्हत्या, जेवण मागत होत्या. आम्हाला त्या ताजं, गरम, वाजतंगाजतं वाढत होत्या आणि बदल्यात चार शब्द मागत होत्या, ज्यांवर त्यांचा घास उतरायचा. त्या शब्दांची शिदोरी पुऱ्या घरात एकटी मीच देत होते. आणि एका संध्याकाळी डोकं दुखत होतं म्हणून मी ती बंद केली. त्या बंद पडलेल्या वर्षांत त्या कशावर जेवल्या असतील, याचा विचारही मला करवत नाही.

दादांना मी अजून काही बोललेले नाही. तोंडाने सांगायचा धीर होत नाही. ते रविवारी पुरवणी वाचतात, तेव्हा हेही वाचतील. यात हिरूबायची शपथ मोडली जाते, तेही मला कळतं. पण वहिनींना आता चुलीवरून कोण उठवणार?

गेल्या रविवारी मी पेज केली. त्यांच्याच पितळी वाटीत घेतली, वर तुपाचा थेंब सोडला आणि ओटीवर खाटेपाशी जाऊन बसले. दोन्ही हातांत वाटी धरून डोळे मिटले. पेजेला वास असतो, वहिनी. आधी तूप येतं, ते कोणालाही कळेल. तूप जरा मागे सरलं की तांदूळ येतो, हातसडीचा, कोंड्याचा, थोडा सुकल्या गवतासारखा. मग तापलेलं पितळ येतं, अगदी बारीक, नाण्यासारखं. आणि वाटी ओठांशी नेली की सगळ्यांत शेवटी येतो चुलीचा धूर... टोचत नाही, नुसता येतो. एवढंच सांगायचं होतं. तुम्ही शेवटचं विचारलंत त्या सकाळी स्टेशनवर पोचून मी गाडीची वाट बघत वीस मिनिटं नुसती उभी होते.